फुप्फुसाचे मार्क

आपल्याकडे टक्के म्हटले की परीक्षाच आठवते. नव्वदच्या वर म्हणजे पेढे, साठ म्हणजे फर्स्ट क्लास, पस्तीस म्हणजे काठावर. त्यामुळे पीएफटीच्या, म्हणजे फुप्फुसांची ताकद मोजण्याच्या तपासणीच्या रिपोर्टवर '६७ टक्के' छापून आलं की घरात दोन तट पडतात. एक म्हणतो फर्स्ट क्लास तर आहे, चिंता कशाला! दुसऱ्याला वाटतं एक तृतीयांश फुप्फुस गेलंच कामातून. मला विचाराल तर दोघंही चुकतात. आणि त्याहून मोठी चूक करतो तो तेवढाच आकडा बघून 'अनफिट'चा शिक्का मारणारा कंपनीतला माणूस.

निमित्त आमच्या भाच्याचं. (त्याला विचारून लिहितोय. नाव अर्थातच लिहीत नाही, त्याचंही आणि कंपनीचंही.) वय २९. २०१९ साली टीबी झाला, सहा महिन्यांचा कोर्स एकही गोळी न चुकवता पूर्ण केला, शेवटची थुंकीची तपासणी स्वच्छ आली. त्यानंतर चाकणला कंत्राटावर रोज आठ-आठ तास उभं राहून काम करतोय, धाप लागल्याची तक्रार नाही. गेल्या वर्षी दुसऱ्या एका कारखान्यात पर्मनंटची संधी आली, मुलाखत झाली, आणि गाडं मेडिकलमध्ये अडकलं. रिपोर्टवर मशीननेच छापलं होतं, 'मॉडरेट रिस्ट्रिक्शन'. संपला विषय.

आता हा रिपोर्ट काय सांगतो ते बघू. त्यात तीन आकडे महत्त्वाचे. छाती भरून श्वास घेऊन जोरात आणि शेवटपर्यंत फुंकल्यावर एकूण जेवढी हवा बाहेर येते ती एफव्हीसी. त्यातली पहिल्या सेकंदात येते ती एफईव्ही-वन. आणि दुसऱ्याला पहिल्याने भागून येणारं गुणोत्तर. हे गुणोत्तर ढोबळमानाने ७० टक्क्यांच्या खाली गेलं की श्वासनलिकांत अडथळा आहे असं समजतात (तरुणांत आणि म्हाताऱ्यांत ही रेघ थोडी सरकते). गुणोत्तर चांगलं, पण एकूण हवाच कमी, असं असेल तर फुप्फुस आक्रसलं असावं अशी शंका घेतात. शंकाच. कारण पूर्ण फुंकल्यावरही आत जी हवा राहते ती या यंत्राला मोजता येत नाही. त्यासाठी वेगळी, मोठी तपासणी लागते. भाच्याचे आकडे होते ३.१ लिटर, २.६ लिटर आणि ८४ टक्के. म्हणजे नळ्या मोकळ्या, एकूण हवा कमी.

पण कमी कुणाच्या मानाने? इथे खरी गंमत आहे. ते ६७ टक्के त्याच्या स्वतःच्या फुप्फुसाचे नाहीतच. त्याच वयाच्या, उंचीच्या, लिंगाच्या निरोगी माणसाचा सरासरी आकडा यंत्रात भरलेला असतो, त्याच्याशी केलेली ती तुलना आहे. आता तो 'निरोगी माणूस' गोरा युरोपियन धरला तर अपेक्षित हवा समजा ४.६ लिटर येते, आणि ३.१ म्हणजे ६७ टक्के. भारतीय माणसांवरून काढलेलं समीकरण धरलं तर अपेक्षित साधारण ४ लिटर, म्हणजे तेच ३.१ लिटर ७७-७८ टक्के होतात. फुप्फुस तेच, फुंकर तीच! मुंबईच्या डॉ. फारुख उदवाडियांनी १९८७ साली निरोगी भारतीयांची मोजमापं प्रसिद्ध केली होती. २०१२ मध्ये जगभरासाठी म्हणून जी समीकरणं आली त्यांत भारतीय उपखंडाचा वेगळा गटच नव्हता. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या छातीच्या डॉक्टरांच्या संघटनेने वंशानुसार वेगळे आकडे नकोतच, सगळ्यांना एकच सरासरी वापरा, अशी शिफारस केली. त्यामागेही कारण आहे. 'यांची फुप्फुसं लहानच असतात' असं एकदा ठरवलं की धुराने, धुळीने, कुपोषणाने झालेलं नुकसानही 'नॉर्मल'मध्ये जमा होतं. म्हणजे कुठलंही समीकरण घ्या, ते कुणाच्या तरी बाजूने कलतंच. लिटर तेवढे खरे.

आणि तेही नीट फुंकलं असेल तर. या तपासणीत माणसाचा जोर लागतो, रक्त काढून घेतलं आणि झालं असं नाही. किमान तीन चांगल्या फुंकरी हव्यात, सगळ्यांत चांगल्या दोन एकमेकींच्या १५० मिलीलिटरच्या आत हव्यात, आणि हवा पूर्ण संपेपर्यंत फुंकायला हवं, मोठ्या माणसाला त्याला सहाएक सेकंद लागतात. लवकर थांबलात की एफव्हीसी खोटी कमी येते आणि गुणोत्तर छान दिसतं. म्हणजे अगदी 'रिस्ट्रिक्शन'सारखं चित्र! मेडिकलच्या दिवशी चाळीस पोरं रांगेत उभी असतात, तंत्रज्ञ एकटा, 'फुंका, फुंका, झालं, नेक्स्ट'. भाच्याला दोनदाच फुंकायला लावलं होतं.

टीबी बरा झाला तरी फुप्फुस पूर्वीसारखं कोरं होतं असं नाही, हेही खरं. जखम भरते पण व्रण राहतो. कुणाचा भाग आक्रसतो, कुणाच्या छातीचं आवरण जाड होतं, कुणाच्या श्वासनलिका वाकड्या-रुंद होऊन कायम कफ राहतो. आयुष्यात बिडी न ओढलेल्या माणसालाही टीबीनंतर दम्यासारखा अडथळा येऊ शकतो. छातीच्या फोटोत डागही राहतो, आणि जुना फोटो हाताशी नसेल तर तो डाग नवा समजून पुन्हा टीबीच्या गोळ्या सुरू झाल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत. म्हणून माझं म्हणणं साधं आहे. टीबीचा कोर्स संपतो त्या दिवशी प्रत्येकाची पीएफटी व्हावी आणि तो कागद, आलेखासकट, त्याच्या हातात द्यावा. पुढे तुलना करायची ती त्याच्याशी. भाच्याचे २०१९ चे आकडे असते तर 'तेव्हाही ३.१, आजही ३.१' एवढं एक वाक्य पुरलं असतं. बरा झालेला व्रण आणि वाढता आजार यांतला फरक एकाच दिवसाच्या आकड्यातून कळतच नाही.

याची नोकरीसाठी चाळणी करायची खोड मात्र जुनी आहे. १८४६ साली लंडनच्या जॉन हचिन्सनने दोन हजारांवर माणसांना फुंकायला लावून हे यंत्र लोकांपुढे आणलं, तेव्हाच त्याच्या डोक्यात दोन उपयोग होते : क्षय लवकर ओळखणं आणि आयुर्विम्यासाठी माणसं पारखणं. आमच्याकडे चाळणी लागते ती तर त्या पिंपरीच्या परिसरात, जिथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि पेनिसिलिनमागोमाग टीबीवरचं स्ट्रेप्टोमायसिनही बनू लागलं. औषध बनवलेल्या गावात बरा झालेला माणूस कामाला चालत नाही, असो.

कंपन्यांचीही एक बाजू आहे, ती नाकारत नाही. भोसरीच्या फाउंड्रीत कास्टिंग साफ करायच्या खात्यात वाळूची जी धूळ उडते, तिच्यात टीबी झालेल्या माणसाला उभं करूच नये, त्याचे टक्के शंभर असले तरी. सिलिकाची धूळ आणि टीबी यांचं सख्य जुनं आहे. पेंट शॉपमधल्या आयसोसायनेटने तर धडधाकट माणसाला दमा होतो. पण मग 'या खात्यात नको' असं लिहा ना! असेंब्लीवर, स्टोअरमध्ये, क्वालिटीत त्याला काय अडचण आहे? सरसकट 'अनफिट' लिहिल्याने एवढंच होतं की पुढच्या मेडिकलला पोरगा 'पूर्वी काही आजार?' या रकान्यात 'नाही' लिहितो, आणि नेमका तोच त्या धुळीत जाऊन उभा राहतो. आमच्या भाच्याला असाच सल्ला दोघा-तिघांनी दिला आहे. त्यातले एक आमचे नातेवाईकच, आणि ते हे वाचतील याची मला कल्पना आहे :)

आणखी एक. पूर्वी घराघरांत 'औंधला ठेवलंय' हे वाक्य दबक्या आवाजात म्हटलं जायचं, औंधच्या छातीच्या रुग्णालयाबद्दल. आता आवाज थोडा चढलाय, पण रिपोर्ट अजून कपाटातल्या साड्यांखालीच असतो. फोटो, डिस्चार्जचा कागद, पीएफटीचे आलेख एका फाइलमध्ये ठेवा. धोकादायक प्रक्रियेत काम करणाऱ्याला त्याच्या आरोग्याची नोंद बघायला मिळाली पाहिजे, हे १९८७ साली कारखाने कायद्यात आलं, पण ती मागितलेला कामगार मला अजून भेटलेला नाही.

भाच्याने चिंचवडला छातीच्या डॉक्टरांकडे पुन्हा तपासणी केली. तिथल्या बाईंनी पाच वेळा फुंकायला लावलं, पंप देऊन पंधरा मिनिटांनी परत फुंकायला लावलं. आकडा ३.२ लिटर. त्यांच्या यंत्रात भारतीय समीकरण होतं, म्हणून ८० टक्के. डॉक्टर म्हणाले, जुन्या व्रणाचा थोडा परिणाम असेल, वर्षाने याच यंत्रावर परत बघू. ती नोकरी गेली ती गेलीच, दुसरीकडे अर्ज चालू आहेत, आणि फाइल बरोबर नेतो.

पुढच्या वर्षी ३.२ चे ३.१५ आले तर कृपया कुणी घाबरून फोन करू नका. एवढा फरक तर दोन फुंकरींमध्येही पडतो, शिवाय पंचविशी उलटली की दरवर्षी पंचवीस-तीस मिलीलिटर वयच घेऊन जातं. तुमचंही.