जीर्णोद्धार की जीर्णसंहार?

माऊली, हात जोडून, पण स्पष्टच सांगतो. जीर्णोद्धार म्हणजे जीर्ण झालेल्याला वर उचलणे. आज गावोगावी आपण जुने देऊळ पाडतो आणि त्यालाच जीर्णोद्धार म्हणतो.

सागवानी खांबांचा सभामंडप जातो, स्लॅब येतो. काळ्या दगडावर तैलरंग चढतो. चुन्याच्या दरजांतून भिंतीची ओल बाहेर पडत असे. रंग आणि सिमेंट ती आत कोंडतात, मग दगडाच्या खपल्या सुटतात. आणि कीर्तनाचे काय? लाकूड, माती आवाज पिऊन घेत. फरशी-स्लॅबच्या मंडपात टाळ-मृदंग घुमतो, अभंगाचा शब्द शब्दावर आदळतो. मग कर्णे वाढवतात, घुमणेही वाढते.

मंडप गळतो? शाकारा. खांब किडला? तेवढाच बदला. "देवाला नवे नको का?" असे विचारणाऱ्यांनी पंढरीकडे पाहावे. 2024 मध्ये तिथे गाभाऱ्यातला ग्रॅनाइट काढून मूळ दगड उघडा केला. त्यासाठी 15 मार्चपासून पदस्पर्शदर्शनही बंद ठेवले. पंढरीने जे काढले, तेच आपण वर्गणी गोळा करून बसवायचे?

जो विटेवर उभा राहिला, त्याला ग्रॅनाइटची हौस नाही. हौस आपल्या नावाच्या पाटीची आहे.

तुमच्या गावात पाडण्याचा ठराव आला, तर उठून बोला. आधी जुने काम जाणणारा गवंडी आणि सुतार आणा, पुरातत्त्व विभागाला विचारा. वाचेल तेवढे वाचवा. उरलेला पैसा सप्ताहाच्या अन्नदानाला लावा.

रामकृष्णहरि.