‘शांती’ कायदा, अणुवीज आणि आपले प्रश्न

१८ मे १९७४ ला पोखरणला अणुचाचणी झाली आणि तिला ‘स्मायलिंग बुद्धा’ हे नाव मिळाले. ११ मे १९९८ ला तर बुद्धपौर्णिमाच होती. आता डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने अणुवीज क्षेत्र खासगी कंपन्यांना खुले केले. त्या कायद्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळवून ‘शांती’ शब्द तयार केला आहे. शब्द आपले उचलायचे, विचारायचे मात्र नाही.

या चर्चेत फिशन आणि फ्यूजनची सर्रास गल्लत होते. फिशन म्हणजे विखंडन. युरेनियम-२३५ च्या केंद्रकावर न्यूट्रॉन आदळला की ते फुटते, ऊर्जा मिळते, शिवाय दोन-तीन न्यूट्रॉन सुटून पुढची केंद्रके फोडतात. ही साखळी अणुभट्टीत आवरून धरतात, बॉम्बमध्ये मोकाट सोडतात. वापरलेले इंधन हजारो वर्षे सांभाळावे लागते. फ्यूजन म्हणजे संमीलन : हायड्रोजनची हलकी केंद्रके जुळून हेलियम बनते, जसे सूर्यात घडते. अणुभट्टीत त्यासाठी दहा कोटी अंशांहून जास्त तापमान लागते; जरा बिघडले की क्रिया थांबते. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या लिव्हरमोर प्रयोगशाळेत २.०५ मेगाजूल लेझर-ऊर्जेतून ३.१५ मेगाजूल मिळाली. मोठी बातमी होती. पण ते लेझर चालवायलाच सुमारे ३०० मेगाजूल लागली होती.

म्हणजे आज जगात मिळणारी सगळी अणुवीज विखंडनाची आहे. तारापूर १९६९ पासून त्यावरच चालते, जैतापूरचा ९,९०० मेगावॉटचा प्रस्तावही त्याचाच. फ्यूजनचा स्वच्छ सूर्य दाखवून फिशनची भट्टी गळी उतरवू नये.

आम्ही विजेच्या विरोधात नाही. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात वीज खाते सांभाळताना बाबासाहेबांनीच स्वस्त आणि मुबलक विजेचा आग्रह धरला होता. प्रश्न जबाबदारीचा आहे. भोपाळचा अनुभव समोर ठेवून २०१० च्या कायद्यात एक तरतूद आली होती : यंत्रसामग्री सदोष निघाली तर अणुकेंद्र चालवणाऱ्याला पुरवठादाराकडून भरपाई वसूल करता येई. नव्या कायद्यातून ती वगळली आहे. आता करारातच लिहिले असेल, किंवा मुद्दाम हानी केली असेल, तरच पुरवठादार सापडेल.

तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. पुनर्वसनासाठी तिथल्या लोकांना कोर्टाची पायरी चढावी लागली. तेव्हा समोर सरकारी कंपनी होती.