‘खासगी बाब’ नक्की कुणाची?

नवरा मारतो म्हणून बाई चौकीवर गेली, की ‘घरातली बाब आहे, घरातच मिटवा’ हे उत्तर आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो. म्हणूनच सत्तेवरची माणसे ‘खासगी’ म्हणू लागली, की मी सावध होते.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात १९७२ साली मतदारांनीच ७२ टक्के कौल देऊन एक कायदा केला. निवडणुकीतला पैसा, पदाधिकाऱ्यांचे आर्थिक हितसंबंध आणि सरकारी कागद त्याने लोकांसमोर खुले केले. लगेच त्याला कोर्टात आव्हान मिळाले. सबब काय? खासगीपणावर घाला! १९७४ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा बहुतेक भाग उचलून धरला. मतदारांचा जाणून घेण्याचा हक्क खासगीपणाच्या हक्काहून कमी मोलाचा नाही, असे बजावले.

तरी आमदार म्हणतच राहिले, हा कायदा आम्हाला लागू नाही. २०१७ साली पत्रकारांनी त्यांच्या ईमेल, दैनंदिनी आणि त्यांच्याविरुद्धच्या लैंगिक छळाच्या तक्रारींचे कागद मागितले. नकार मिळाला, प्रकरण कोर्टात गेले. खालच्या कोर्टात हरल्यावर, फेब्रुवारी २०१८ मध्ये, विधिमंडळाने नेहमीची जाहीर सुनावणी टाळून दोन दिवसांत स्वतःची सुटका करणारे विधेयक मंजूर केले! हजारो नागरिकांनी निषेध कळवला, तेव्हा राज्यपालांनी ते रोखले. अखेर डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, प्रत्येक आमदाराचे कार्यालय या कायद्याखाली येते. मतदारांनी केलेला कायदा टिकवायला सत्तेचाळीस वर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या.

आपल्यातल्याच काही जणी विचारतील, तक्रार करणाऱ्या बाईचे काय? रास्त प्रश्न आहे. तिचे नाव झाकलेच पाहिजे. पण तिच्या पदराआड साहेबांनी लपायचे, हे कसे चालेल?

आमच्या गटाने एका सरकारी कार्यालयाकडे माहितीच्या अधिकारात एवढेच विचारले, वर्षभरात लैंगिक छळाच्या तक्रारी किती आल्या, किती निकाली निघाल्या? नाव नको, हुद्दा नको. उत्तर आले, ‘गोपनीय’. २०१३ चा कायदा तर हीच संख्या वार्षिक अहवालात द्यायला सांगतो! त्यात २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातल्या ‘वैयक्तिक माहिती’च्या कलमातली जनहिताची अटच काढून टाकली. म्हणजे नकार देणाऱ्याच्या हाती आयतेच कोलीत.

मैत्रिणींनो, कलम ८(२) अजून शाबूत आहे. जनहित मोठे असेल तर माहिती देता येते, असे ते म्हणते. नकाराचे पत्र फायलीत लावून गप्प बसू नका. तीस दिवसांत अपील करा. कायदा झाला म्हणजे लढाई संपली, असे समजणे आपल्याला परवडणारे नाही.