आजार शोधा, ओळख राखा

औषध दुकानदारही ओळखीचा असतो, अशा दिंडोरीसारख्या तालुक्याच्या गावी एचआयव्ही, मनोविकार किंवा गर्भपाताविषयी विचारणे अवघड. म्हणून माणूस घरच्या संगणकाला विचारतो. पण आपण कोणते संकेतस्थळ उघडले, हे इंटरनेट पुरवठादाराला कळू शकते. त्याच आजाराच्या जाहिरातीही मागे लागतात.

‘टॉर ब्राउझर’ हा यावरचा मोफत उपाय. त्याचे तत्त्व नाशिककरांच्या ओळखीचे आहे : कांद्याचे! माहितीवर कूटलेखनाची तीन आवरणे चढतात आणि वाटेतले तीन संगणक एकेक आवरण सोलतात. कोण विचारतो आणि कोठे विचारतो, हे दोन्ही त्यांपैकी एकालाही कळत नाही.

टॉर प्रकल्पाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच तो डाउनलोड करावा, ‘कनेक्ट’ दाबावे, अपडेट चुकवू नयेत. जादा एक्स्टेन्शन जोडू नयेत. वेगळेपणच ओळख पटवते. वेग कमी मिळेल. मात्र स्वतःच्या नावाने लॉगिन केले, की सारी आवरणे व्यर्थ.

खासगीपणा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले. तो हक्क रुग्णाने निःसंकोच वापरावा. संकेतस्थळापासून ओळख जरूर लपवावी. डॉक्टरांपासून आजार लपवू नये.