पाटी लागली, पण डब्याचं काय?

जुलैच्या मध्यावर नागपूर एकदम देशभरच्या बातम्यांत आलं, तेही समोशामुळे. इथल्या एम्सच्या उपाहारगृहात समोसा, जिलेबी, वडापाव यांच्याजवळ तेल आणि साखरेचं प्रमाण सांगणारे फलक लागणार, असं छापून आलं आणि दोन दिवस चौकाचौकात तोच विषय झाला. सिगारेटसारखा आता आलूबोंड्यावरही इशारा छापणार का, अशी थट्टा झाली. शेवटी १५ जुलै २०२५ रोजी केंद्र सरकारला खुलासा करावा लागला. कुठल्याही पदार्थावर इशारा छापायचा नाही, २१ जूनच्या पत्रात कार्यालयांना फक्त तेल-साखरेची माहिती देणारे फलक लावायला सुचवलं आहे, असं सरकारनं सांगितलं.

त्याआधी, १४ मे रोजी, सीबीएसईनं आपल्या शाळांना 'शुगर बोर्ड' लावायला सांगितलं होतं. रोज किती साखर चालते, नेहमीच्या खाऊत आणि शीतपेयांत ती किती असते, तिचे तोटे काय आणि तिच्याऐवजी काय खावं, हे त्या फळ्यावर लिहायचं. ४ ते १० वर्षांच्या मुलांच्या रोजच्या उष्मांकांपैकी १३ टक्के साखरेतून येतात आणि ते ५ टक्क्यांच्या आत असायला हवेत, असं त्या परिपत्रकात म्हटलं आहे.

फलकांना माझा विरोध नाही. सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १३६० उष्मांक लागतात. त्याचे ५ टक्के म्हणजे १७ ग्रॅम साखर, जेमतेम चार चमचे. २०० मिलिलिटर कोल्यात २० ग्रॅमच्या वर साखर असते. म्हणजे एका बाटलीत दिवसाचा हिशेब ओलांडला जातो. हे आईबापांना आणि मुलांना कळायलाच हवं. पण गेली पंचवीसेक वर्षं सरकारी रुग्णालयात काम करताना मला रोज जे दिसतं, त्याचं उत्तर या फलकात सापडत नाही. डब्यात काय नको, हे फलक सांगतो. डब्यात काय हवं, ते सकाळी सहा वाजता कोण आणि कसं भरणार, आणि मूल ते कधी खाणार, हे मात्र अजून घराघरावर सोडलेलं आहे.

ओपीडीतला नेहमीचा संवाद

विदर्भातल्या शाळा २३ जूनला उघडल्या. शाळा सुरू झाल्या की दोन-तीन आठवड्यांत आमच्याकडे एक ठरावीक तक्रार वाढते. 'शाळेत पोट दुखतं', 'वर्गात झोपते', 'बाई म्हणतात लक्ष नसतं'. मूल पहिली-दुसरीतलं, दिसायला बारीक, डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली तर आतला भाग फिका.

"सकाळी काय खाते?"

"काही नाही जी, चहा-बिस्किट. साडेसहाला ऑटो येते."

"आणि डब्यात?"

"बिस्किटच नेते. नाहीतर पोळी-साखर. कधी ते दोन मिनिटांचे नूडल्स. भाजी दिली का डबा तसाच वापस येते."

तपासणीत हिमोग्लोबिन साडेआठ-नऊ निघतं. या वयात ते किमान साडेअकरा असायला हवं. या आईला 'शुगर बोर्ड' दाखवून मी काय सांगणार? ती हिंगणा एमआयडीसीत कामाला जाते, सकाळी घरातल्या चौघांचे डबे करते. बिस्किट ती अज्ञानातून देत नाही. डबा रिकामा परत येण्याची खात्री फक्त बिस्किटाचीच आहे, म्हणून देते. रिकामा डबा पाहिला की पोरगी जेवली, एवढंच समाधान तिच्या वाट्याला येतं.

आकडे काय सांगतात

२०१९ ते २१ मध्ये झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुलांना रक्तक्षय आढळला. आधीच्या पाहणीत हा आकडा ५३.८ टक्के होता. बोटातून घेतलेल्या रक्ताच्या तपासणीबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत, पण थोडा फरक गृहीत धरला तरी चित्र बदलत नाही. त्याच पाहणीत पाच वर्षांखालची ३६.१ टक्के मुलं वयाच्या मानानं कमी वजनाची होती आणि ४.१ टक्के जादा वजनाची.

ही मुलं आता कुठे आहेत? ती आज बालवाडीपासून पाचवीपर्यंतच्या वर्गांत बसली आहेत. यांचेच डबे आपण रोज सकाळी भरतो. जादा वजनाची मुलं वाढताहेत, त्यांची काळजी करायलाच हवी. पण वर्गातल्या बहुसंख्य मुलांचा प्रश्न कमतरतेचा आहे. बिस्किटांचा डबा दोन्ही बाजूंनी घात करतो. गरज नसलेली साखर देतो आणि लोह, प्रथिनं यांची जागा अडवतो. ५० ग्रॅम साध्या ग्लुकोज बिस्किटांत सुमारे १२ ग्रॅम साखर असते आणि प्रथिनं तीन-साडेतीन ग्रॅम. ४० ग्रॅम बेसनाच्या दोन धिरड्यांत आठ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात, एका अंड्यात सहा ग्रॅम, मूठभर म्हणजे २५ ग्रॅम फल्लीदाण्यांतही सहा.

मग डबा कसा भरायचा?

पाककृतींची लांब यादी देण्यात अर्थ नाही, ती कुणी पाळत नाही. मी आयांना आणि हल्ली आवर्जून बापांनाही तीनच गोष्टी सांगतो. डब्यात पोट भरणारं एक, अंग भरणारं एक आणि एक ताजं फळ किंवा कच्ची भाजी.

पोट भरणारं म्हणजे पोळी, पोहे, ज्वारीचं धिरडं, इडली. ते आपण देतोच. अंग भरणारं म्हणजे डाळ, बेसन, मूग, चणे, दाणे, तीळ, अंडं, पनीर. नेमकं हेच डब्यातून गळतं. पोळीला नुसतं तूप-साखर लावण्याऐवजी शेंगदाण्याची किंवा जवसाची चटणी तेल घालून लावली, तर वेळ तेवढाच लागतो. पोह्यात मूठभर दाणे आणि वाफवलेले वाटाणे घाला. आदल्या रात्री मूग भिजवले तर सकाळी दहा मिनिटांत धिरडी होतात. पातोड्या, सांबारवड्या रात्री उकडून फ्रिजमध्ये ठेवल्या तर सकाळी फक्त परतायच्या.

तिसऱ्या गोष्टीबाबत नागपूरकरांइतके नशीबवान कुणी नाही. डाळी आणि धान्यांतलं लोह शरीराला सहज घेता येत नाही, पण त्याच जेवणात क जीवनसत्त्व असेल तर ते घेण्याचं प्रमाण वाढतं. आपल्या संत्र्यात ते भरपूर असतं. हंगामात सोललेल्या चार फोडी, एरवी पोह्यांवर पिळलेलं लिंबू, पेरूचे तुकडे किंवा टमाटर हे काम करतात. संत्र्याचं चित्र असलेलं डबाबंद पेय ते काम करत नाही, त्यात साखरच जास्त असते. चहा याच्या अगदी उलट वागतो, लोह शरीरात जाऊ देत नाही. सकाळी मुलांना चहा देण्याची सवय आपल्याकडे मोठी आहे, ती बंद केलेलीच बरी. गुळानं रक्त वाढतं हाही गोड गैरसमज आहे. मुलाला जेवढा गूळ देणं योग्य, तेवढ्यातून मिळणारं लोह नगण्य असतं.

एक इशारा बालवाडीतल्या मुलांसाठी. अख्खे फल्लीदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं पाच वर्षांखालच्या मुलाच्या डब्यात देऊ नका. हसता-खेळता दाणा श्वासनलिकेत गेलेली मुलं आमच्याकडे येतात आणि प्रत्येक मूल वेळेत पोचतंच असं नाही. दाण्याचा कूट करा, द्राक्षं उभी चिरून द्या.

नागपूरचं ऊन आणि बंद डबा

सहाला भरलेला डबा दहाला उघडतो. शिजलेलं अन्न ५ ते ६० अंश तापमानात राहिलं की जंतू झपाट्यानं वाढतात. आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये पारा चाळिशी गाठतो आणि जुलैत दमट उकाडा असतो, म्हणजे डब्याला वर्षातले बरेच महिने धोका असतो. गरम अन्न भरून झाकण घट्ट लावलं की वाफेचं पाणी आत साचतं आणि अन्न लवकर आंबतं. भाजी-पोळी दहा मिनिटं पसरून वाफ जाऊ द्या, मग कोरड्या स्टीलच्या डब्यात भरा. ओल्या खोबऱ्याची चटणी, रसदार बटाटा, मेयोनीज लावलेलं सँडविच उन्हाळ्यात टाळा. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भाताला सकाळी फोडणी देऊन तो डब्यात देऊ नका. भातातल्या एका जंतूचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. अन्न वर्तमानपत्रात गुंडाळू नका. छपाईची शाई पोटात जाते, मग तो हा अंक का असेना.

शाळेचा आणि सरकारचा वाटा

सगळा भार घरावर टाकून भागणार नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारनं पूर्व प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत असा निर्णय घेतला. कारण दिलं गेलं मुलांच्या झोपेचं. माझ्या दृष्टीनं तो न्याहारीचाही निर्णय आहे. नऊची शाळा असेल तर मूल घरी बसून काही खाऊ शकतं. पण बसच्या फेऱ्या, दोन पाळ्या, उन्हाळा अशी कारणं पुढे येतात आणि अनेक लहान मुलं अजूनही सातला दप्तर घेऊन उभी असतात. मग दहाच्या सुट्टीतला डबा हाच त्यांचा दिवसाचा पहिला घास ठरतो. त्या सुट्टीतही हात धुवायची रांग, झाकण उघडायची झटापट आणि मैदानाची ओढ. सहा वर्षांच्या मुलाला पोळी-भाजी चावून खायला वीस मिनिटं लागतात. बिस्किट दोन मिनिटांत संपतं. डबा कोरडा-गोड होण्यामागे घड्याळही आहे.

नियमांची आपल्याकडे कमी नाही. मे २०१७ मध्ये राज्यानं शाळांच्या उपाहारगृहांतून चिप्स, नूडल्स, शीतपेयं यांना बंदी घातली. २०२० मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जादा साखर, मीठ, तेल असलेले पदार्थ विकायला मनाई केली. कुठल्याही शाळेच्या सुटण्याच्या वेळी फाटकाशी उभं राहा, ५० मीटरचा अर्थ कळेल.

आणि ज्यांना घरून डबाच येत नाही, त्यांचं काय? सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या लाखो मुलांचा डबा म्हणजे पोषण आहाराची खिचडी. प्राथमिकच्या मुलाला त्यातून ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं प्रमाण ठरलेलं आहे. धान्य वेगळं मिळतं, बाकी डाळ, भाजी, तेल-मसाल्यासाठी १ मे २०२५ पासून प्रत्येक मुलामागे रोजचे ६ रुपये ७८ पैसे. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्यानं या मुलांना आठवड्यातून एक अंडं आणि न खाणाऱ्यांना केळं द्यायचा निर्णय घेतला, तेव्हा आम्हा डॉक्टरांना आनंद झाला होता. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबला. आता शाळांनी हवं तर लोकसहभागातून अंडं द्यावं, असं धोरण आहे. ज्या वस्तीत लोकसहभाग सहज उभा राहतो, तिथल्या मुलांना घरीही अंडं मिळतं. जिथे गरज सर्वांत जास्त, तिथेच वर्गणी सर्वांत कमी. मेमध्ये शाळांना साखरेचे फलक लावायला सांगितले गेले. त्याच्या चारच महिने आधी राज्यातल्या गरीब मुलांच्या ताटातलं आठवड्याचं एक अंडं वर्गणीवर सोडलं गेलं. हा क्रम मला खटकतो. सरकारी नोकरीत असूनही तो इथे नोंदवणं मला माझ्या कामाचाच भाग वाटतो.

शाळा सुरू होऊन महिना झाला आहे, पालकसभा होतील. गुणांच्या आणि गणवेशाच्या चर्चेत दोन प्रश्न जरूर विचारा. डबा खायला मुलांना बसून वीस मिनिटं मिळतात का? शाळेत जंताच्या आणि लोहाच्या गोळ्या दिल्या जातात का? जंताची गोळी फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये सरकार मोफत देतं. पोटात जंत असतील तर चांगला डबाही वाया जातो, म्हणून ती चुकवू नका.

आणि घरी एक करा. संध्याकाळी डबा घासायला टाकण्याआधी उघडून बघा. काय उरलं, काय अर्धं खाल्लं, काय मैत्रिणीनं संपवलं, ते मुलाला न रागावता विचारा. आठवडाभराच्या या उत्तरांतून पुढच्या आठवड्याचे डबे ठरतात. मूल फिकं दिसत असेल, दमत असेल, माती-खडू खात असेल, तर मात्र डबा बदलून थांबू नका. जवळच्या सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून घ्या. तपासणीला पैसे लागत नाहीत, आणि वेळेत कळलं तर काही महिन्यांच्या औषधानं हे मूल वर्गात जागं राहू लागतं.