स्टेडियम केवढं पाहिजे?

दोस्तांनो, पांढरकवड्याहून आठवीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलं आहे. ‘नाव छापू नका, वर्गात सगळे चिडवतील,’ असं तिने खाली दोनदा लिहिलंय, म्हणून नाव छापत नाही. ती लिहिते, ‘आम्हा मुलींना फुटबॉल खेळायचा आहे. चेंडू आहे. मैदानच भेटत नाही. मुलं क्रिकेट खेळतात, ती हटत नाहीत. मोठी माणसं म्हणतात, फुटबॉलला स्टेडियम लागतं, ते आपल्या गावात नाही, तुम्ही आपल्या खो-खो खेळा. हे खरं आहे का?’

(विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे फक्त माणसं भेटत नाहीत, वस्तूसुद्धा भेटतात. भाजी भेटते, एस.टी. भेटते. मैदान तेवढं भेटत नाही!)

आता मोठ्या माणसांचं म्हणणं आधी तपासून पाहू. टीव्हीवर दिसतं ते पूर्ण मापाचं मैदान १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असतं. करा बरं गुणाकार. ७१४० चौरस मीटर. म्हणजे जवळजवळ पावणेदोन एकर. एवढ्यात एखाद्याचं कापसाचं अख्खं वावर बसतं! त्यात आपली काळी माती. पावसाळ्यात ती बुटाला अशी चिकटते की लाथ मारल्यावर चेंडू राहतो जागेवर आणि ढेकूळ उडतं गोलमध्ये. उन्हाळ्यात त्याच जमिनीला पाय मुरगळण्याइतक्या भेगा. तेव्हा मोठी माणसं अगदीच खोटं बोलत नाहीत. पण त्यांनी टीव्हीवरचीच मैदानं पाहिली आहेत. आपण जरा दुसरी पाहून येऊ.

पहिलं मैदान फारच लांब आहे, थेट नॉर्वेमध्ये. नकाशा काढा. युरोपच्या डोक्यावर, उत्तर ध्रुवाच्या बाजूला हा लांबट देश दिसेल. त्याच्या वरच्या भागात, आर्क्टिक वृत्ताच्याही उत्तरेला, लोफोतेन नावाची बेटं आहेत आणि त्यातल्या चिमुकल्या बेटांवर हेनिंग्सवेर हे कोळ्यांचं गाव. वस्ती पाचशेच्या आसपास. आपल्याकडे एवढ्या वस्तीच्या गावात एस.टी. थांबली तरी नशीब. आणि या गावाला स्वतःचं फुटबॉल स्टेडियम आहे!

स्टेडियम म्हटल्यावर गॅलरी शोधू नका. गॅलरी नाहीच. खडकाळ बेटावर जेवढी सपाट जागा निघाली तेवढ्यात मैदान बसवलंय. खडकावर गवत कुठून उगवणार, म्हणून कृत्रिम हिरवळ अंथरली आहे. चहूबाजूंनी दगड आणि त्यापलीकडे समुद्र. चेंडू जोरात मारला तर आणायला होडी काढावी लागेल की काय, असं फोटो पाहून वाटतं. मैदानाच्या आजूबाजूला लाकडी मांडव उभे आहेत. ते प्रेक्षकांसाठी नाहीत, माशांसाठी आहेत! हिवाळ्यात पकडलेले कॉड मासे तिथे महिनोन्‌महिने वाऱ्यावर वाळत टांगतात. आपल्या सातपाटी-वर्सोव्याला वलांडीवर बोंबील वाळत घालतात ना, तसेच. म्हणजे नाकाला रुमाल लावून गोल करायचा!

त्या गावातल्या लोकांनी मासे वाळवायला खडक ठेवला आणि खेळायलाही ठेवला, हे मला फार आवडलं.

नॉर्वेची लोकसंख्या साधारण ५६ लाख. २०११च्या जनगणनेत एकट्या यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २७ लाख ७२ हजार होती. म्हणजे दोन यवतमाळ जिल्हे एकत्र केले की झाला नॉर्वे! त्या देशात गावोगावी असले छोटे क्लब आहेत. जाळी फाटली तर शिवणं, रेषा आखणं, सामन्याच्या दिवशी खाण्याचे पदार्थ विकून क्लबला पैसे जमवणं, ही बरीचशी कामं मुलांचे आई-वडील आणि शेजारीपाजारी फुकट करतात. या एकत्र कामाला तिकडे ‘डुगनाड’ म्हणतात. शब्द ऐकायला गमतीचा आहे, पण विदर्भात त्याचं नवल नको. आपल्याकडे त्याला श्रमदान म्हणतात आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ते गावोगाव फिरून शिकवलं.

आई-बाबांनो, पुढच्या चार ओळी तुमच्यासाठी. नॉर्वेत लहान मुलांच्या खेळासाठी देशभर नियम आहेत. मूल अकरा वर्षांचं होईपर्यंत स्पर्धेतले गुणतक्ते आणि क्रमवाऱ्या लावायच्या नाहीत, आणि तेरापर्यंत राष्ट्रीय अजिंक्यपद वगैरे नाही. तोवर नुसतं खेळायचं. असं केल्याने मुलं मागे पडतात म्हणाल, तर एर्लिंग हालांड हा आजचा नावाजलेला गोलंदाज (क्रिकेटचा नव्हे, गोल मारणारा!) ब्रिने नावाच्या तिथल्या लहानशा गावातच वाढला. २०१९च्या वीस वर्षांखालील विश्वचषकात त्याने होंडुरासविरुद्ध एकाच सामन्यात नऊ गोल मारले होते.

हालांडचा जन्म २००० सालचा. त्याच वर्षी आपल्या कोल्हापुरात अनिकेत जाधव जन्मला. वडील रिक्षा चालवायचे. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला, तेव्हा दिल्लीत अमेरिका, कोलंबिया आणि घाना यांच्याविरुद्ध उतरलेल्या भारतीय संघात हा कोल्हापूरचा पोरगा होता. क्रिकेटवेड्या महाराष्ट्रात कोल्हापूरला फुटबॉलचं एवढं वेड कुठून आलं? ते बघायचं तर छत्रपती शाहू स्टेडियमवर जायला हवं.

हे हेनिंग्सवेरसारखं चिमुकलं नाही, चांगलं मोठं आहे. पण बाहेरून बघून काही कळत नाही. सामन्याच्या दिवशी संघांची नावं ऐकावीत. पाटाकडील तालीम मंडळ! खंडोबा तालीम मंडळ! दिलबहार तालीम मंडळ! बालगोपाल तालीम मंडळ! अहो, तालीम म्हणजे कुस्तीची जागा. लाल माती, लंगोट, दंड-बैठका. मग फुटबॉलच्या संघाचं नाव तालीम कसं?

गोष्ट अशी, की राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला उदंड आश्रय दिला. १९१२ साली पुरं झालेलं खासबाग मैदान त्यांचंच. कोल्हापूरच्या पेठापेठांत तालमी होत्या आणि संध्याकाळी पेठेतली सगळी पोरं तिथे जमायची. फुटबॉल आला तेव्हा पोरं जमलेली होतीच. वेगळा क्लब, वेगळं ऑफिस कशाला? आखाड्यातली मुलं चेंडूमागे धावू लागली आणि तालमीचं नाव जर्सीवर गेलं. ‘मँचेस्टर युनायटेड’ कानाला भारी वाटतं, पण मला विचाराल तर ‘उत्तरेश्वर प्रासादिक तालीम’ या नावापुढे ते फिकंच आहे.

कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे सगळ्यांच्या तोंडची ‘केएसए’, इथे लीग भरवते. थंडीत हंगाम सुरू होतो आणि पुढे उन्हाळ्यापर्यंत एकामागून एक स्पर्धा चालतात. दुपारचं ऊन कललं की मंगळवार पेठ, शिवाजी पेठ, फुलेवाडी रिकामी होते आणि स्टेडियमच्या पायऱ्या भरतात. आजोबा, बाप आणि नातू एकाच पायरीवर. आजोबा ज्या तालमीचे, नातूही त्याच तालमीचा. मैदानात धावणारा तो आपल्या गल्लीतला, सकाळी दूध आणायला जाताना दिसलेला. त्यामुळे ओरडण्यात परकेपणा नाही. ‘अरे, मार की!’ हे नाव घेऊन सांगता येतं, आणि चुकलं तर घरी जाताना गाठताही येतं! आणि विश्वचषक आला की याच पेठांत ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे लागतात, भिंतींवर मेस्सी-रोनाल्डो रंगतात.

सगळंच गोड आहे असं मात्र नाही. पेठेचं प्रेम कधी कधी पेठेच्या भांडणावर जातं. हुल्लडबाजीमुळे इथे सामने थांबवायची वेळ आलेली आहे. जिंकायची ईर्षा वाढली तसे बाहेरचे, अगदी आफ्रिकेतलेही खेळाडू पैसे देऊन आणले गेले. त्याने खेळ सुधारला म्हणणारे आहेत, गल्लीतल्या पोराची जागा गेली म्हणणारेही आहेत. मी दुसऱ्या बाजूचा. पण एक गोष्ट पक्की. सिमेंटच्या पायऱ्या शंभर ठिकाणी बांधता येतील, त्या भरायला तालीम लागते.

आता आपली मैत्रीण म्हणेल, ‘आमच्याकडे तालीमही नाही आणि पायऱ्याही नाहीत.’ बरं. मग पांढरकवड्याच्या स्टँडवरून नागपूरची गाडी धरू. जुना सात नंबरचा, आताचा ४४ नंबरचा हमरस्ता. हिंगणघाटवरून दीडेकशे किलोमीटर.

नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात विजय बारसे नावाचे खेळाचे शिक्षक होते. २००१ सालची गोष्ट. पाऊस पडत होता आणि वस्तीतली काही मुलं चिखलात एका फुटक्या बादलीला लाथा मारत खेळत होती. बारसे सर थांबून बघत राहिले. त्यांनी मुलांना चेंडू दिला आणि मग झोपडपट्टीतल्या मुलांसाठी फुटबॉलची स्पर्धाच भरवली. शंभराहून जास्त संघ आले! स्टेडियम नव्हतं, बूट नव्हते, बऱ्याच जणांना शर्टही एका रंगाचे नव्हते. त्यातून ‘स्लम सॉकर’ ही संस्था उभी राहिली. मुलींसाठीही तिचं काम आहे. २०१६ साली फिफाने, म्हणजे जगाचा फुटबॉल चालवणाऱ्या संघटनेने, तिला विविधतेसाठीचा पुरस्कार दिला. नागराज मंजुळे यांचा २०२२ सालचा ‘झुंड’ तुमच्यातल्या पुष्कळांनी पाहिला असेल. अमिताभ बच्चन त्यात ज्यांच्यावर बेतलेली भूमिका करतात ते हेच बारसे सर.

आणि आता गंमत बघा. जगात ‘होमलेस वर्ल्ड कप’ नावाची एक स्पर्धा होते. ज्यांना घर नाही, आधार नाही, अशा तरुण मुलामुलींची. तिच्यासाठी भारताचा संघ निवडण्याचं काम नागपूरची ही संस्था करत आली आहे. २०१७ साली ती स्पर्धा कुठे झाली असेल? नॉर्वेच्या राजधानीत, ओस्लोमध्ये! आणि तीसुद्धा कुठल्या स्टेडियममध्ये नाही. नगरपालिकेच्या इमारतीसमोरच्या चौकात मैदान मांडलं आणि तिथे विश्वचषक खेळला गेला. आपल्याकडे चौकात गणपती बसतो, त्यांनी गोलपोस्ट बसवले.

त्या विश्वचषकाच्या मैदानाचं माप लिहून घ्या. लांबी २२ मीटर, रुंदी १६ मीटर. एका बाजूला चारच खेळाडू, तीन मैदानात आणि एक गोलरक्षक. सात-सात मिनिटांचे दोन डाव. बस.

आता शाळेतल्या खो-खोच्या मैदानाचं माप आठवा. २७ मीटर बाय १६ मीटर! दोन खांबांमधलं अंतर साधारण २४ मीटर. म्हणजे ‘तुम्ही आपल्या खो-खो खेळा’ असं ज्यांनी सांगितलं, त्यांनी नकळत तुम्हाला विश्वचषकाचं मैदान देऊन टाकलंय. रुंदी तंतोतंत आणि लांबीला थोडी जागा उरते.

फक्की मारण्याआधी कोपरे काटकोनात यायला हवेत, नाहीतर मैदान शंकरपाळ्यासारखं होतं. बारा मीटर सुतळी घ्या. एका टोकापासून तीन मीटरवर गाठ, पुढे चार मीटरवर दुसरी. उरतात पाच मीटर. दोन्ही टोकं एकत्र बांधा आणि तिघींनी ती बांधलेली जागा आणि दोन गाठी धरून सुतळी ताणा. पहिल्या गाठीशी काटकोन तयार. का, ते गणिताच्या बाईंना विचारा, त्या खूश होतील. चारही कोपरे झाले की तिरकं मोजून बघा. दोन्ही कर्ण २७ मीटर २० सेंटिमीटर भरले तर मैदान बरोबर. खो-खोचे खांब गोलच्या पाठीमागे एक मीटरवर येतात, त्यांना पोतं गुंडाळा, नाहीतर डोकं आपटेल. गोलला दोन-दोन दप्तरं चालतील. फक्की टाकताना वाऱ्याकडे पाठ करा, डोळ्यांत जाते. मैदान चिकट असेल तर शाळेकडे स्टेडियम मागू नका, दोन ट्रॉल्या मुरूम मागा आणि कडेने पाणी जायला चर खणून मागा. मागणी लहान असली की सही लवकर होते, हा माझा अनुभव.

राहिला प्रश्न क्रिकेटवाल्यांचा. एक सामना चौदा मिनिटांचा. अर्ध्या तासाच्या सुट्टीत दोन सामने होतात. आठवड्यातले तीन दिवस मुलींचे, असं मुख्याध्यापकांकडून सूचना फलकावर लिहून घ्या. तोंडी नको, लेखीच. आणि मैदान आखून झालं की त्याचा नकाशा मापांसकट मला पाठवा. खाली फक्त ‘आठवी, पांढरकवडा’ एवढं लिहिलं तरी चालेल.