सव्वा लाखाची सायकल आणि पंक्चरवाला

आपल्या मोहल्ल्यात सायकलला इज्जत नाही. पहाटे पाव घेऊन येणारा सायकलवर येतो, भंगारवाला सायकलवर येतो, चाकू-सुऱ्यांना धार लावणारा सायकल स्टँडवर चढवून पेडल मारत बसतो. मुलगा दहावी झाला की त्याची सायकल जिन्याखाली जाते. नोकरी लागली की सहा महिन्यांत हप्त्यावरची मोटारसायकल दारात उभी राहते. निकाहात सासऱ्याकडून बुलेट मिळाली तर त्याचं कौतुक होतं, फोटो निघतात. अशा वातावरणात चाळिशी उलटलेला एक शिक्षक सव्वा लाखाची सायकल घ्यायची म्हणतो, तेव्हा लोक आधी हसतात आणि मग काळजीने विचारतात, "सर, तब्येत ठीक आहे ना?"

तो शिक्षक मी. कल्याणच्या पुढचं स्टेशन विठ्ठलवाडी, तिथे राहतो. शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. गेली तीन वर्षं एक साधी गिअरची सायकल चालवतो आहे आणि गेले दोन महिने रोड बाईक शोधतो आहे. रोड बाईक म्हणजे पातळ टायरची, खाली वळलेल्या हँडलची, लांब पल्ल्याची सायकल. तिला इंजिन नसतं, हे मला रोज कुणाला तरी समजावून सांगावं लागतं. "एवढ्यात थोडे टाकले तर बुलेट येते," हे उत्तरही रोज ऐकावं लागतं.

तब्येतीचा प्रश्न मात्र खरा आहे. अब्बांना साखर होती. शेवटच्या काळात त्यांच्या पायाची दोन बोटं काढावी लागली. यंदा माझा एचबीएवनसी ६.३ आला. ५.७ ते ६.४ हा मधुमेहाच्या उंबरठ्याचा पट्टा मानतात, म्हणजे मी दारात उभा आहे. फजरची नमाज झाल्यावर शाळेची घंटा होईपर्यंत जो दीड तास मिळतो, तो मला सायकलवर घालवायचा आहे. बुलेट घेऊन माझी साखर खाली येणार नाही.

आमच्याकडे या खरेदीवर पहिला आक्षेप दीनच्या भाषेत येतो. हा इसराफ आहे, उधळपट्टी आहे. आक्षेप गंभीर आहे, म्हणून त्याला उत्तरही गंभीरपणे द्यायला हवं. इसराफ किमतीवरून ठरतो की गरजेवरून? दोन लाखांची मोटारसायकल गरज आणि सव्वा लाखाची सायकल चैन, हा हिशेब दीनने घालून दिलेला नाही, तो आपल्या प्रतिष्ठेने घालून दिला आहे. पण त्याच निकषाने हेही मान्य करायला हवं की, जी वस्तू आपल्या वापरापेक्षा जास्त मोठी, जास्त महाग आणि केवळ दाखवण्यासाठी घेतली जाते, ती इसराफच. मग ती सायकल असो की लग्नाचा हॉल. म्हणून 'महाग की स्वस्त' याच्याऐवजी मी 'या पैशात नेमकं काय मिळतं' हे विचारत बसलो.

मिळतं ते असं. सायकलची किंमत मुख्यतः दोन गोष्टी ठरवतात, सांगाडा आणि गिअर-ब्रेकचा संच. शिमानो या जपानी कंपनीच्या संचांची उतरंड सायकलवाल्यांना तोंडपाठ असते. खालून वर जाताना क्लॅरिस, सोरा, टियाग्रा, १०५, अल्टेग्रा आणि शेवटी ड्युरा-एस. पहिल्या दोन-तीन पायऱ्यांवर फरक हाताला जाणवतो. गिअर अचूक पडतो, ब्रेक कमी ताकदीत लागतो. १०५ च्या वर गेलं की पैसे वजन घटवण्याचे आणि बॅटरीवर चालणाऱ्या गिअरचे. सांगाडाही तसाच. ॲल्युमिनियमचा घेतला तर सायकल साडेनऊ किलोच्या आसपास, कार्बन फायबरचा घेतला तर आठच्या आसपास. या दीड किलोसाठी लाख-सव्वा लाख जास्त मोजावे लागतात. सर्वांत वरच्या सायकली दहा लाखांच्याही पुढे जातात.

आता हा दीड किलो मोजून पाहू. माझं वजन ८४ किलो. सायकल, पाण्याची बाटली, पंप धरून सगळा डोलारा ९५ किलोचा. घाट चढताना लागणारा वेळ ढोबळमानाने या एकूण वजनावर अवलंबून असतो. दीड किलो कमी झालं, म्हणजे दीड टक्क्याच्या आसपास. तासाभराच्या चढावर वाचला किती, तर एक मिनिट. या मिनिटाचे लाख रुपये शर्यतीतल्या स्वाराने द्यावेत, त्याची रोजीरोटी त्यावर आहे. त्यालाही आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेचा नियम आहे की, शर्यतीची सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी चालणार नाही. माझ्यासारख्याने तो दीड किलो पोटावरून उतरवावा. तिथे तो फुकट उतरतो.

दुकानात कमी बोलल्या जाणाऱ्या गोष्टी जास्त कामाच्या निघाल्या. पहिली म्हणजे माप. सायकल चपलेसारखी असते, पायाला बसली नाही तर कितीही महाग असो, चावते. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभं राहायचं, पुस्तक दोन पायांमध्ये घट्ट वर धरायचं आणि जमिनीपासून पुस्तकापर्यंतची उंची मोजायची. तिला ०.८८३ ने गुणलं की पेडलच्या मधल्या कण्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर ढोबळ मिळतं. ८० सेंटिमीटर असेल तर ७०.६. एका दुकानात मला दोन मापं मोठी सायकल 'सीट खाली करून देतो' म्हणत गळ्यात मारायचा प्रयत्न झाला. सीट खाली येते, पण हँडल जवळ येत नाही. सहा महिन्यांनी पाठदुखी आणि वर्षभराने सायकल जिन्याखाली.

दुसरी गोष्ट रस्ता. माझा रोजचा रस्ता श्रीराम चौकातून नेवाळी नाक्याकडे आणि तिथून मलंगगडाच्या पायथ्याकडे जातो. विठ्ठलवाडीतून निघून हाजीमलंगच्या दिशेने जाणं मला आवडतं, पण रस्त्याचं हे प्रेम एकतर्फी आहे. खड्डे, खडी, डंपर. सुट्टीच्या दिवशी शहाड ओलांडून म्हारळ, वरप, गोवेलीमार्गे मुरबाडचा रस्ता धरता येतो. तोच पुढे माळशेज घाटात चढतो, कल्याणपासून ८५ किलोमीटरच्या आसपास. अशा रस्त्यांवर २५ मिलिमीटरचा सुईसारखा टायर म्हणजे पंक्चरला आमंत्रण. सांगाड्यात ३२ मिलिमीटरचा टायर बसायला जागा हवी. पावसाळ्यात रिम भिजली तरी थांबवतील असे डिस्क ब्रेक हवेत. मागे ३४ दात्यांची चक्री आणि पुढची लहान चक्रीही ३४ ची, म्हणजे चढावर पेडलच्या एका फेरीला चाकाची एकच फेरी. गुडघे वाचतात.

कपड्यांचाही प्रश्न आहे आणि तो आमच्यापैकी अनेकांना अडवतो. सायकलस्वारांची घट्ट आखूड चड्डी नाभीपासून गुडघ्यापर्यंतच्या सत्राच्या नियमात बसत नाही. उपाय सोपा आहे. गादी लावलेली लांब विजार आत, वर सैल पॅन्ट. वाऱ्याचा अडथळा थोडा वाढतो. आपल्याला कोण शर्यत जिंकायची आहे!

म्हणजे माझं उत्तर ठरलं. ॲल्युमिनियमचा सांगाडा, कार्बनचा पुढचा फोर्क, टियाग्रा किंवा साधा, तारेवर चालणारा १०५, डिस्क ब्रेक. सव्वा लाख. त्यातच हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, पंप आणि कुलूप बसवायचं. याच्या वर गेलो तर तो माझ्यासाठी इसराफ होईल. याच्या फार खाली गेलो तर तीन वर्षांत दुसरी घ्यावी लागेल.

पैसा कुठून, हा पत्नीचा प्रश्न होता. मुलगी अकरावीत आहे, क्लासची फी डोक्यावर आहे. त्या फीला हात लावायचा नाही, हे आधी ठरलं. दुकानदार 'नो कॉस्ट ईएमआय' सुचवतो. ज्यांना व्याज टाळायचं आहे त्यांनी हे नाव ऐकून निश्चिंत होऊ नये. त्यात बँक व्याज लावतेच. दुकानदार तेवढी रक्कम सवलत म्हणून आधीच वजा करून दाखवतो. व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी बहुतेक वेळा आपल्याच माथी येते. रोखीने घेतली असती तर तीच सवलत मागता आली असती. मी शिक्षकांच्या भिशीतून पैसे उभे केले, उशीर झाला तरी चालेल म्हणून. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, हेही बिलात तपासून घ्यावं. ही सवलत पाववाल्याच्या सायकलला आहे तशीच दहा लाखांच्या सायकललाही आहे.

जकातीचा मुद्दा यातच येतो. स्वतःच्या वापरातल्या सायकलवर जकात नाही. पण तिच्यासाठी साठवलेली रक्कम निसाबच्या वर असेल आणि वर्ष उलटलं असेल, तर त्यावर आहे. दोन लाखांवर अडीच टक्के, पाच हजार. एवढ्यात एक साधी नवी सायकल येते. माझ्या शाळेत वालधुनीपलीकडून चालत येणाऱ्या मुली आहेत. बिहारमध्ये २००६ साली नववीच्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात झाली आणि माध्यमिक शाळेत टिकणाऱ्या मुलींचं प्रमाण वाढलं, हे अभ्यासकांनी दाखवून दिलं आहे. आपल्या मोहल्ल्यातल्या जकातीचा एक हिस्सा हक्कदार घरातल्या मुलीच्या नावावर सायकल होऊन का जाऊ नये?

आणि आता जे बोलायचं टाळलं जातं ते. स्टाफरूममध्ये एक सहकारी हसत म्हणाले, "काय सर, पंक्चरचं दुकान टाकताय की काय?" थट्टा होती, पण तिचा पत्ता आम्हाला माहीत आहे. 'पंक्चरवाला' हा शब्द आज मुसलमानांना हिणवण्यासाठी वापरला जातो. मोबाईलवर, प्रचारात, वर्गातल्या मुलांच्या तोंडीसुद्धा. मला वाटतं, शिकलेला मुसलमान सायकलपासून पळतो त्यामागे हीच बोच आहे. त्याला त्या शब्दापासून शक्य तितकं लांब जायचं आहे, म्हणून तो इंजिनावर बसतो.

पण पळून कुठवर जाणार? नाशिकचे डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' ही अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंतची, ४८०० किलोमीटरच्या आसपासची शर्यत जोडीने पूर्ण केली. २०१७ मध्ये नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पूर्ण केली. तेव्हा महाराष्ट्राने सायकलला सलाम केला. काश्मीरच्या आदिल तेलीने २०२१ मध्ये काश्मीर ते कन्याकुमारी हे अंतर आठ दिवसांच्या थोड्या वर वेळेत कापलं, तेव्हाही केला. मग तीच सायकल चालती ठेवणाऱ्या हाताला शिवी का?

त्या हाताचं काम आता वाढलं आहे आणि बदललंही आहे. डिस्क ब्रेकमधलं तेल बदलून हवा काढणं, ट्यूबलेस टायर बसवणं, चाकाचा डुगडुगणारा गोल सरळ करणं, कार्बनच्या भागावरचा बोल्ट नेमक्या पाच न्यूटन-मीटरने आवळणं. जास्त आवळला तर लाखाचा भाग तडकतो. त्यासाठी खास पाना लागतो, काही हजारांचा. कल्याण-डोंबिवलीत सकाळी महागड्या सायकली घेऊन निघणाऱ्यांची संख्या दिसण्याइतकी वाढली आहे. त्यांच्यातले बरेच जण सर्व्हिसिंगसाठी ठाण्याला किंवा मुंबईला जातात. आपल्या नाक्यावरच्या पोराला हात आहे, नजर आहे. अवजारं नाहीत, शिक्षण नाही आणि 'ये भी कोई काम है' म्हणणारा बाप आहे. आपल्या संस्था शिलाई मशीन वाटतात, कॉम्प्युटर क्लास काढतात. एक सायकल-दुरुस्तीचा चांगला अभ्यासवर्ग काढायला काय हरकत आहे?

म्हणून माझं सांगणं एवढंच. ज्याला परवडते आणि जो खरोखर चालवणार आहे, त्याने चांगली सायकल बिनधास्त घ्यावी. आपल्या मापाची, आपल्या रस्त्याची, बिनव्याजी पैशाची. ज्याला दाखवायची आहे त्याने घेऊ नये. आणि दुकानात जाताना मोहल्ल्यातल्या सायकल मिस्त्रीला सोबत न्यावं. त्याला 'अरे' म्हणू नये, शोरूममध्ये आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसवावं आणि त्या दिवसाची पूर्ण मजुरी द्यावी. चाक फिरवून, कानाजवळ नेऊन बेअरिंगचा आवाज ऐकताना त्याला जे कळतं, ते विकणाऱ्या मुलाच्या माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं.